दामाजीपंतांची पावती

दुष्काळात राजाने काय करावे, यावर राजनीतीच्या ग्रंथांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. परंतु मराठी माणसाच्या मनात या प्रश्नाचे जे उत्तर ठसून राहिले आहे ते नीतिग्रंथातून आलेले नाही. ते कीर्तनातून आले आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत, बेदरच्या पातशहाची धान्याची कोठारे, आणि विठू महाराने खजिन्यात भरणा करून आणलेली पावती ही कथा पंढरपुरापासून पैनगंगेच्या अलीकडे आमच्या आदिलाबादेपर्यंत सर्वांस पाठ आहे. येथे कीर्तनाच्या सतरंजीवर मराठी आणि तेलुगू बोलणारे श्रोते शेजारी बसतात. उत्तररंगात दामाजीचे आख्यान लागले की दोघांचेही डोळे एकाच जागी पाणावतात. अशा कथेची चिकित्सा करणे हे काम अप्रिय खरे. पण जी कथा शेकडो वर्षे लोकांस राजधर्म शिकवीत आली, ती नेमका कोणता राजधर्म शिकविते, हे एकदा पाहणे आवश्यक आहे.

कथेचा सांगाडा सर्वपरिचितच आहे. दुष्काळ पडलेला आहे. पंढरपूरचा एक ब्राह्मण दामाजीपंतांच्या घरी जेवावयास बसतो, आणि पहिला घास हातात असतानाच घरच्या उपाशी मुलांच्या आठवणीने रडू लागतो. दामाजीपंत त्याच्याबरोबर धान्य देतात. ते वाटेत भुकेले लोक लुटून नेतात. आणि मग पंढरपूरच मंगळवेढ्यास लोटते. दामाजीपंत सरकारी कोठारे मोकळी करतात. हाताखालचा मुजुमदार बेदरास लिहून कळवितो, पातशहा पकडून आणण्यास शिपाई धाडतो, आणि दामाजीपंत वाटेत पंढरीनाथाचे अखेरचे दर्शन मागून घेतात. तेवढ्या अवधीत देव महाराचा वेष घेऊन, हातात काठी व खांद्यावर घोंगडी टाकून, दरबारात जातो, लहानशा थैलीतून मोजता मोजता न सरणारे द्रव्य ओततो, धान्याच्या किमतीची भरपाई करतो आणि पावती मागून घेतो. ती पावती दामाजीपंतांस सापडते ती त्यांच्या नित्यपाठाच्या गीतेच्या पोथीत.

या कथेस आज जे रूप आहे ते बहुतांशी महिपतींनी दिले. त्यांचा ‘भक्तविजय’ शके १६८४, म्हणजे इसवी सन १७६२ मधला. महिपती हे ताहराबादचे कुळकर्णी होते, ही गोष्ट टीकाकारांनी चरित्रात नोंदविली आणि टीकेत विसरली. पूजेत असताना जहागीरदाराचे बोलावणे आले. काम उरकून ते परतले, लेखणी देवापुढे ठेवली, आणि आपण व आपल्या वंशजांनी पुढे सरकारी लिखाण करावयाचे नाही असा निश्चय केला, असे सांगतात. लेखणी ठेविली खरी, पण कुळकर्ण्याची दृष्टी कशी ठेवता येणार? दामाजीच्या आख्यानात ती जागोजागी दिसते. मुजुमदाराने वरिष्ठास गुपचूप लिहिणे, थैलीतून पडणाऱ्या मोहरा मोजताना कारकुनांची उडालेली धांदल, आणि एवढे सर्व झाल्यावरही पावती घेतल्याविना तेथून न हलणारा देव! परमेश्वराच्या लीला वर्णन करणारे कवी अनेक झाले. परमेश्वरास खजिन्यात भरणा करून पोच मागावयास लावणारा कवी हिशेबाच्या कचेरीत बसलेलाच असावा लागतो. कथा महिपतींच्या आधीपासून चालत आलेली असली, तरी तिच्यातील हा दप्तराचा वास त्यांनी ओळखून जोपासला यात संशय नाही.

आता वकिलाच्या दृष्टीने खटला पाहू. दामाजीपंतांनी स्वतः दाणाही घेतला नाही, म्हणून ते निर्दोष, असे आमचे कीर्तनकार म्हणतात. कायदा असे म्हणत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत विश्वासघाताची जी व्याख्या होती, तिच्यात अप्रामाणिकपणा म्हणजे केवळ स्वतःचा लाभ एवढाच अर्थ नव्हता. दुसऱ्याची गैरवाजवी हानी करण्याचा हेतूही त्यात येत असे. २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी तत्त्व तेच राहिले आहे. पातशहाचे धान्य पातशहाच्या हुकुमाविना वाटले म्हणजे पातशहाची हानी झालीच. नंतर पैसे भरल्याने घडलेला अपराध न घडलेला होत नाही. फार तर शिक्षा सौम्य होते. बचावास दोन मार्ग होते. मोठे संकट टाळण्यासाठी सद्भावाने लहान हानी केली, हा पहिला. हा बचाव त्याच संहितेच्या कलम ८१ मध्ये होता आणि नव्या कायद्यातही आहे. दुसरा मार्ग याहून धीट. दुष्काळात कोठार उघडणे हे राजाचेच कर्तव्य होते. सेवकाने ते राजाच्या वतीने बजावले, मग हानी कोणाची आणि कसली?

कवीने यांपैकी एकही बचाव घेतलेला नाही, आणि आख्यानाचे मर्म मला येथे वाटते. दामाजीपंत दरबारात उभे राहून राजधर्म सांगत नाहीत. देवही सांगत नाही. देव पातशहाचा दावा पुरता मान्य करतो, जामीनदाराप्रमाणे पुढे होतो, पै न् पै चुकती करतो. पातशहाच्या कोठारातील धान्य पातशहाचेच, त्याची किंमत त्यास मिळालीच पाहिजे, हे गृहीत धरूनच चमत्कार घडतो. म्हणजे सर्व हिशेब झाल्यावर या दुष्काळात राजाचे काहीच गेले नाही. एक सेवक जिवावर उदार झाला, देवाने द्रव्य दिले, आणि राज्यास धान्याचा उठाव रोकड भावाने मिळाला.

यावरून महिपती राजांचे भाट होते असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. ‘भक्तविजय’ लिहिला गेला तेव्हा ऐकणाऱ्यांत पाटील, कुळकर्णी, कमाविसदारांचे कारकून यांचा भरणा होता. वरून मिळालेली तोंडी सूट पुढच्या वर्षी रद्द होते, धनी बदलला की मागची माफी नवा धनी मानीत नाही, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. राजाची कृपा फिरते. पावती फिरत नाही. भक्ताचे रक्षण पक्के करावयाचे तर देवाने राजाचे मन पालटून भागणार नव्हते, त्याच्या दप्तरात नोंद व्हावयास हवी होती. एरवीही हे दरबार कागदावर कसे चालत त्याचे एक उदाहरण इतिहासात आहे. बहमनी राज्याचा थोर वजीर महमूद गावान याच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर शत्रूंनी ओरिसाच्या राजास लिहिलेले बनावट पत्र तयार केले, सुलतानाने चौकशी न करता ते खरे मानले, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी गावानाचा शिरच्छेद झाला. एका कागदाने माणूस मरू शकत होता. मग एका कागदाने वाचावा, यात नवल ते काय?

दामाजीपंतांचा काळ परंपरा पंधराव्या शतकात घालते. त्या शतकातील एक दुष्काळ फिरिश्त्याने नोंदविला आहे. १४७२ मध्ये बेळगाव घेतल्यानंतरचा तो काळ. लोक त्यास विजापूरचा दुष्काळ म्हणत. दोन वर्षे पाऊस नाही; तेलंगण, महाराष्ट्र आणि बहमनी मुलखात सर्वत्र पेरणी झाली नाही; तिसऱ्या वर्षी पाऊस आला तेव्हा जमीन कसावयास माणसेच फारशी उरली नव्हती, असे तो लिहितो. आमचा हा मुलूख तेव्हा वऱ्हाड व तेलंगण या दोन तरफांच्या सांध्यावर होता. गावानाने पुढे चार तरफांच्या आठ केल्या, तेव्हा माहूर एका नव्या तरफेचे ठाणे झाले. त्याच सुधारणेने तरफदारांच्या हातचे किल्ले काढून घेतले, जमिनीच्या मोजणीस हात घातला, मध्यवर्ती सत्तेचा हिशेब कडक केला. ठाण्यावरची कोठारे ही शिबंदीची शिधासामग्री होती. शत्रू केव्हा येईल याचा नेम नसलेल्या राज्यात ठाणेदाराने ती वाटून टाकणे म्हणजे दारूगोळा वाटून टाकण्यासारखेच होते. पातशहाच्या रागामागे केवळ लोभ होता असे म्हणता येणार नाही, आणि आख्यान ही बाजू सांगत नाही.

बरे, बेदरचे सुलतान दुष्काळाविषयी अगदीच उदासीन होते काय? त्यांच्याच घराण्यातील दुसऱ्या महंमदशहाने चौदाव्या शतकाच्या अखेरीस माळवा व गुजरात येथून बैलांच्या तांड्यांवर सतत धान्य आणवून स्वस्त दराने विकविले, आणि अनाथ मुलांसाठी गुलबर्गा, बेदर, कंधार, एलिचपूर अशा ठिकाणी शाळा काढल्या. ही स्वस्ताई मुसलमान प्रजेपुरतीच होती असेही इतिहासकारांनी लिहिले आहे. तसे असेल तर, धान्य कोणास मिळते हा प्रश्न धान्य किती येते या प्रश्नाइतकाच जुना ठरतो.

त्यानंतरचा मोठा दुष्काळ १६३० ते १६३२ चा. शहाजहान तेव्हा दक्षिणेच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरास होता. त्याचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी उपाययोजना तपशिलाने सांगतो. बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत येथे अन्नछत्रे. बऱ्हाणपुरास दर सोमवारी, म्हणजे राज्यारोहणाच्या वारी, पाच हजार रुपये वाटप, याप्रमाणे वीस सोमवारांत एक लाख. अहमदाबादेस आणखी पन्नास हजार. आणि सुमारे सत्तर लाख रुपयांची महसुलाची सूट. आकडे मोठे दिसतात. परंतु याच इतिहासात मयूरासनाचा खर्च एक कोट रुपये दिला आहे, आणि ते आसन १६३५ मध्ये, म्हणजे दुष्काळ सरून जेमतेम तीन वर्षे होतात तोच, पुरे झाले. सुटीचेही तसेच. ज्या शेतात पीक नाही आणि ज्या घरात माणूस नाही त्याचा महसूल सोडून देणे म्हणजे जे वसूल होणारच नव्हते त्याचे औदार्य करणे होय. अधिक बोलकी गोष्ट पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाच्या लिखाणात आहे. सुरतेहून आग्ऱ्यास जाताना त्याने वाटेवर प्रेते पाहिली. आणि त्याच वाटेने धान्याने लादलेले वंजाऱ्यांचे तांडे बऱ्हाणपूरच्या छावणीकडे चाललेलेही पाहिले. धान्य होते, चालतही होते. ते सैन्याकडे चालले होते.

याच दुष्काळाने देहूच्या एका वाण्याचे घर बसविले. तुकोबांची थोरली पत्नी व मुलगा त्यात गेली. पुढे त्यांनी लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत बुडविली. आणि बुडविली ती आपल्या वाट्याचीच, धाकट्या कान्होबाचा निम्मा वाटा त्यास काढून देऊन मगच, असे परंपरा सांगते. वकिलाने या तपशिलापुढे हात जोडावेत. दुसऱ्याचे येणे माफ करण्याचा अधिकार संतासही नाही, हे तुकोबांनी जाणले होते. दामाजीच्या कथेत कागद देवाकडून मिळतो, तुकोबांच्या चरित्रात कागद नदीस जातो. दोन्ही कथांची मुळे दुष्काळात आहेत. दुसरीत ऋणकोच्या मानेवरचे ओझे खरोखर उतरते. पहिलीत ते देवाने फेडलेले असते. मला दुसरी कथा अधिक उंचीची वाटते. कीर्तनात मात्र पहिलीच अधिक रंगते, कारण तीत नाट्य आहे आणि विठू महाराचे सोंग आहे.

राजाने स्वतःच्या हुकुमाने कोठार उघडल्याचा मराठीतील उत्तम पुरावा हवा असेल तर आख्याने बाजूस ठेवून पत्रे उघडावी लागतात. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस पाठविलेले पत्र या विषयावरचे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे लिखाण आहे. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा. ज्याच्याजवळ माणसे आहेत पण बैल नाहीत त्यास बैलांसाठी रोख द्या, पोटास खंडी दोन खंडी दाणे द्या. वाढीदिढी न लावता केवळ मुद्दल, तेही त्यास तवाना येईल तसे हळूहळू घ्या. यापायी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असा त्याचा आशय आहे. वाढीदिढीचा अर्थ आमच्या जिल्ह्यात कोणास सांगावा लागत नाही. पेरणीस एक मण घेतलेली ज्वारी सुगीस दीड मण होऊन जाते, ती ही वाढीदिढी. राज्याने स्वतः सावकाराच्या जागी बसून सावकारी न करणे हा जो विचार येथे आहे, तो दामाजीच्या आख्यानात नाही. बऱ्हाणपूरच्या सोमवारी वाटपातही नाही. भुकेल्यास एक दिवस जेवू घालणे निराळे आणि पुढच्या पावसापर्यंत त्यास शेतात उभा ठेवणे निराळे.

तरीही या पत्राची पूजा करू नये, ते वाचावे. त्याच पत्रात वसूल ऐन जिनसी घेऊन साठवावा आणि ज्या वेळी मोल चांगले येईल त्या वेळी विकावा, असेही सांगितले आहे. नारळ, सुपारी, मिरे यांच्या बाबतीत हे शहाणपणाचेच. पण जो हात दाणे उसने देतो तोच हात भाव चढण्याची वाट पाहतो, ही अडचण राज्य व्यापारी झाले की टळत नाही. कोकणातल्या वाचकांस हे अधिक जाणवेल. गोव्याचे पोर्तुगीज शहर कितीतरी काळ बसरूर, मंगळूरकडील कानडी तांदळावर जगत होते. तिकडचा भात थांबला की इकडची चूल थांबत असे, आणि तांदूळ हा तहनाम्याचा विषय होत असे. भाताचे राजकारण त्या किनाऱ्यास नवे नव्हते. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणच्या छावणीस महाराजांनी पाठविलेल्या पत्रातही मूळ भीती हीच आहे. पावसाळ्याची वैरण व दाणा आताच उधळाल, मग कुणब्यांच्या घरात शिराल, आणि लोक म्हणतील की मोगल बरे. सरकारी कोठार रिकामे झाले की त्याचा भार शेवटी कोणाच्या कणगीवर पडतो, हे येथे स्पष्ट सांगितले आहे.

आणि नेमके हेच आमच्या आख्यानात कोठे येत नाही. मंगळवेढ्याची जमीन काळी, तिची ज्वारी आजही नावाजलेली. कोठारातील ते धान्य आले कोठून? त्याच पंचक्रोशीतील रयतेच्या खळ्यांवरून सरकारी वाटा म्हणून ते उचललेले होते. जे लोक कोठारावर लोटले त्यांच्यातच ते पिकविणारे असणार. दुष्काळात त्यांना आपलेच धान्य मिळाले, आणि त्याची किंमत देवाने पातशहास दिली! कवीस हा विरोधाभास दिसला नाही, की दिसूनही त्याने तो देवाच्या थैलीखाली झाकला, हे सांगता येत नाही. एवढे मात्र दिसते की कोठारे उघडल्यावर भुकेले लोक कथेतून नाहीसे होतात. कवी दामाजीपंतांबरोबर बेदरच्या वाटेला लागतो. त्यांना धान्य किती दिवस पुरले, किती वाचले, पुढच्या मृगात बियाणे कोणी दिले, यांपैकी काहीच कळत नाही. पेव फुटणे हा वाक्प्रचार आपण विपुलतेसाठी वापरतो. येथे पेव खरोखरच फुटले आणि पुढची कथा बेदरच्या रस्त्यावर गेली.

एका बाबतीत मात्र हे आख्यान त्यावरील सर्व निरूपणांहून धीट आहे. देवाने महाराचाच वेष का घ्यावा? नम्रतेचे नाटक म्हणून, असे सांगण्याची रीत आहे. पण गावचा वसूल हुजुरात पोचविणे हे महाराचे वतनी काम होते. सरकारी पैसा ज्याच्या खांद्यावर निर्धास्त सोपवावा असा गावातला माणूस तोच. कुळकर्णी महिपतींस हे ठाऊक असणार. म्हणून विठू महार दरबारात आला तेव्हा कोणास आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते थैलीचे. महार समाजाच्या बावन्न हक्कांची सनद बेदरच्या पातशहाने दिली अशी परंपरा आहे, आणि तिचा एक धागा याच दामाजीच्या कथेशी जोडला जातो. म्हणजे ही कथा ज्यांनी भक्तीची म्हणून ऐकली त्यांच्या शेजारीच ती हक्काची म्हणून ऐकणारे लोकही होते. चोखोबा याच मंगळवेढ्यास कुसू कोसळून गेले, आणि त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारापुढे, पायरीशी राहिली. आख्यानातला देव महार होऊन पातशहाच्या सदरेत गेला. महारास देवाच्या गाभाऱ्यापर्यंत जावयास १९४७ चा मे महिना उजाडावा लागला, आणि त्यासाठी साने गुरुजींस प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. मंदिरांच्या विश्वस्त मंडळांवर बसणाऱ्या आम्हां लोकांनी दामाजीचे आख्यान लावताना हा तपशील गाळावा असे मला वाटत नाही. पुष्कळ ठिकाणी तो गाळला जातो.

आदिलाबाद जिल्ह्याने कोठाराची ही गोष्ट दुसऱ्या बाजूनेही पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामाच्या राज्यात सक्तीची धान्यवसुली सुरू झाली. तेलंगणात मोठे देशमुख तीतून निसटत, आणि लहान कुळांच्या कणग्या झाडून नेल्या जात. १९४६ नंतरच्या शेतकरी उठावाच्या कारणांत ही लेव्ही एक मोठे कारण होती. त्यापूर्वीच १९४० मध्ये जोडेघाटास कुमराम भीम मारला गेला होता, आणि जंगलातल्या गोंडांचे म्हणणे काय आहे हे राज्यास विचारावे लागले होते. हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास त्यासाठी नेमण्यात आले. याच मुलखात हैदराबादच्या सेवेत असताना सेतुमाधवराव पगडींनी गोंडी भाषा आत्मसात केली आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. शिवकालाचे हे चरित्रकार रयतेविषयी लिहितात तेव्हा त्यांच्या लिखाणात दप्तराबाहेरचे काही जाणवते, ते मला वाटते येथून गेलेले आहे.

१९५६ मध्ये किनवट व राजुरा हे तालुके जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले, आणि २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत १९४० च्या दशकात सुरू झालेला दरबार मात्र त्यानंतरही भरत राहिला. तेथे अधिकारी येऊन बसतात, आणि मेस्राम कुळाच्या देवापुढे जमलेले लोक जमिनीच्या, पाण्याच्या, शिध्याच्या तक्रारी स्वतःच्या तोंडाने सांगतात. कित्येक अर्ज वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात, हे वकील म्हणून मला माहीत आहे. तरी अर्जदार तेथे समोर असतो. आख्यानाच्या अखेरीस बेदरचा पातशहाही आपण होऊन दामाजीपंतांच्या भेटीस येतो, परंतु येतो तो विठू महारास पुन्हा एकदा पाहावे या ओढीने. तो दामाजीपंतांस आलिंगन देतो, विठूचा ठाव पुसतो, आणि ज्यांच्यासाठी कोठारे उघडली गेली त्यांच्याविषयी त्याच्या तोंडी कवीने एकही प्रश्न घातलेला नाही.